हिमालयातली जुनी पोस्टं: इमारत जपायची की टपाल?

रानवाटा

मंडळी, गणपती उरकून शिमला, किन्नौर, स्पिती असा फेरा करून आलो. प्रवासवर्णन लिहीत नाही, ती इथे पोत्याने पडली आहेत. डोक्यात एक किडा वळवळतोय, तेवढा बाहेर काढतो.

शिमल्याचं जनरल पोस्ट ऑफिस (जीपीओ) मॉल रोडवर, स्कँडल पॉइंटला अगदी लागून. १८८३ पासून तिथे पोस्ट आहे. त्याआधी ते 'कॉनी लॉज' नावाचं साहेबी घर होतं. लाकडी चौकटी, उतरतं छप्पर, रंगरंगोटी टापटीप. बाहेर लोक सेल्फी काढत होते आणि आत एक आजीबाई खिडकीतल्या बाईंशी पासबुकातल्या व्याजावरून हुज्जत घालत होत्या. बघून बरं वाटलं.

तिथून दोन-तीन मुक्काम करत स्पितीतल्या काझाला पोचलो आणि वर चढून हिक्कीमला. तिथलं पोस्ट १९८३ चं, म्हणजे शिमल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. मातीच्या विटांचं, चुन्याने पांढरं केलेलं बुटकं घर, भिंतीवर लाल पेटी. आता जवळच टपालपेटीच्या आकाराची नवी लालभडक इमारत आहे, २०२२ मधली. सगळी गर्दी तिच्यापुढे. जुन्या घराकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

माझं मत असं की, हिक्कीमचं ते मातीचं घर शिमल्याच्या इमारतीइतकंच जपण्यासारखं आहे आणि नवी पेटी म्हणजे निव्वळ फोटोची सोय. तुम्हाला काय वाटतं? आणि वर उत्तरेत अशी आणखी कुठली पोस्टं बघण्याजोगी आहेत?

कोकणी मामा

पहिला! सविस्तर प्रतिसाद जेवून आल्यावर.

थंडा मामला

१९८३ चं घर ऐतिहासिक? अहो, मी त्याच्यापेक्षा थोरला आहे, माझ्याकडे तर कोणीच ढुंकून बघत नाही. आमच्या सोसायटीला जपा, तीही १९८१ ची आहे.

विनोद सोडा, पण 'ऐतिहासिक' ही पाटी आपण फार स्वस्त करून ठेवली आहे. शिमला मान्य. तिथे १८६४ पासून साहेबाची उन्हाळी राजधानी होती, अर्ध्या आशियाचा कारभार तिथून चालायचा, तो सगळा त्या पोस्टातूनच गेला असणार. हिक्कीमला इतिहास काय? पर्यटकांनी पाठवलेली कार्डं?

सांजवेळ

@थंडा मामला, एकदम असहमत. पर्यटक तिथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत यायला लागले. त्याआधी तीसेक वर्षं ते पोस्ट कुणासाठी चालत होतं? हिक्कीम, कोमिक, लांग्झा या गावांतल्या लोकांसाठीच ना? बचत खाती, पेन्शन, मठातल्या लामांची पत्रं. माझ्या मते राजधानीचा कारभार जितका इतिहास, तितकीच ही पेन्शनही इतिहास.

रानवाटा, फोटो टाका की! फोटोशिवाय धागा म्हणजे पाप.

मापात पाप

फोटो येईपर्यंत मी काडी टाकून जातो. हिक्कीमला 'जगातलं सर्वांत उंच पोस्ट' म्हणतात, उंची १४,५६७ फूट सांगतात. तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टच्या पायथ्याशी, सुमारे ५,२०० मीटरवर, चिनी टपाल खात्याचं पोस्ट आहे. म्हणजे १७,००० फूट. मग सर्वांत उंच कुठलं?

गंमत म्हणजे १४,५६७ हाच आकडा हिक्कीमच्या मतदान केंद्रासाठीही छापला जायचा. तेही 'जगातलं सर्वांत उंच' होतं. २०१९ ला स्पितीतच ताशीगंगला १५,२५६ फुटांवर केंद्र निघालं आणि तो मान गेला. पोस्टाचा मान मात्र कोणी काढून घेत नाही, कारण तो पाटीवर रंगवलाय.

रानवाटा

@मापात पाप, एव्हरेस्टचं ते पोस्ट हंगामी, गिर्यारोहक आणि पर्यटकांपुरतं. हिक्कीमला गाव आहे, त्या गावात पोस्ट आहे. मला हा फरक मोठा वाटतो. आणि उंचीवर वाद नकोच, माझा मुद्दा इमारतीचा होता.

@सांजवेळ, फोटो मोबाइलमधून काढून टाकतो रविवारी. तोवर एक वर्णन चालवून घ्या. पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगात पिनकोड, १७२११४. दाराच्या वर प्रार्थनेच्या पताका, ऊन खाऊन रंग उडालेल्या. छपराच्या कडेने सरपण आणि वाळलेल्या काटक्यांची रांग. आत माणूस उभा राहिला की खोली भरली. टेबलावर तारखेचा ठसा, शाईचा पॅड, वजनकाटा, आणि कार्डांचा हा एवढा गठ्ठा. पोस्टमास्तर एकेक कार्ड उचलून तिकिटावर ठसा मारत होते, ठसा नीट उठला नाही तर कार्ड जवळ नेऊन बघत होते. मागे रांग लागली होती, पण त्यांचा हात काही घाईत नव्हता.

टपालहंशील

पोस्टात हयात गेली, आता निवृत्त. त्यामुळे दोन शब्द.

रानवाटा, तुम्ही 'मातीचं घर' म्हणालात ना, ते घरच. खेड्यातली पोस्टं म्हणजे आमच्या भाषेत शाखा डाकघरं, बीओ. तिथला पोस्टमास्तर खात्याचा पूर्णवेळ नोकर नसतो, तो ग्रामीण डाक सेवक. दिवसाला चार-पाच तासांचं काम. नेमणुकीच्या वेळी त्याला सांगावं लागतं की पोटापाण्याचं दुसरं साधन आहे. आणि पोस्टाला जागाही त्यानेच द्यायची! गावात, चारचौघांना जाता-येता येईल अशी. त्यापोटी थोडाफार भत्ता मिळतो. म्हणून देशातली बहुतेक खेड्यांतली पोस्टं कुणाच्या तरी ओटीवर, पडवीत, किराणा दुकानाच्या कोपऱ्यात असतात. देशात १ लाख ६४ हजारांच्या वर पोस्टं आहेत आणि त्यातली दहांत नऊ खेड्यांत. त्यातल्या किती इमारतींना 'सरकारी इमारत' म्हणता येईल? मूठभर.

पोस्टमास्तर बदलला की पोस्ट नव्या पोस्टमास्तरच्या घरी जातं. पाटी, पेटी, ठसा, वजनकाटा, रोख ठेवायची पेटी, सगळं उचलून. मी सातारा जिल्ह्यात असताना एका वाडीचं पोस्ट असं तीन घरं फिरलेलं बघितलं. गावकऱ्यांना त्याचं काही नाही, 'पोस्ट पाटलाकडनं शिंद्यांकडं गेलं' एवढंच.

तेव्हा इमारत जपायची तर कुणाची जपायची? ज्याचं घर त्याची. त्याला उद्या स्लॅब टाकायचा असेल तर तुम्ही-आम्ही कोण सांगणार?

सांजवेळ

टपालहंशील काका, दंडवत! हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. (रानवाटा, हलकेच घ्या.)

रानवाटा

घेतलं. खरंच भारी आहे. मला हे माहीतच नव्हतं की जागा त्यांनीच द्यायची. काका, मग टपाल तिथून खाली कसं जातं? काझापर्यंत रनर चालत जातो असं ऐकलं.

टपालहंशील

हो. शाखा डाकघराची पिशवी रोज बांधायची, लाखेचं सील लावायचं, आणि वरच्या कचेरीला द्यायची. हिक्कीमची पिशवी काझाला. डोंगरातल्या पायवाटेने माणूस पिशवी घेऊन उतरतो. काझाहून पुढे बसने रेकाँग पिओ, तिथून शिमला, मग कालका आणि रेल्वे. पूर्वीच्या हरकाऱ्यांच्या हातात घुंगरं बांधलेला भाला असायचा, वाटेतली जनावरं आवाजाने दूर व्हावीत म्हणून. भाला गेला, पिशवी राहिली. आता सेवकाच्या हातात छोटं यंत्रही असतं, २०१८ ला पोस्टाची पेमेंट्स बँक आल्यापासून खेड्यात पैसे काढणं-भरणं त्याच्यावर चालतं. नेटवर्क असेल तर.

हिवाळ्यात बर्फ पडलं की हिक्कीमचा कारभार काही महिने बंद असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माणूस वर चढूच शकत नसेल तर पिशवी काय उडत जाणार?

कोकणी मामा

जेवून आलो. एवढ्यात धागा कुठच्या कुठे गेला की.

माझा सविस्तर प्रतिसाद: श्रीनगरच्या दल सरोवरात हाउसबोटीवर पोस्ट आहे. पूर्वी नेहरू पार्क पोस्ट म्हणायचे, २०११ पासून 'फ्लोटिंग पोस्ट ऑफिस'. तिथल्या ठशावर शिकारा आणि नावाडी आहे. मी त्या ठशाचं कार्ड बायकोला पाठवलं होतं. तिने विचारलं, शिकाऱ्यात तुमच्याबरोबर कोण होतं?

थंडा मामला

ठ्ठो! मामा, मग उत्तर काय दिलंत?

कोकणी मामा

नावाडी. खरं तेच सांगितलं. विश्वास बसला नाही.

विटामाती

जरा बांधकामाबद्दल, कारण इथे 'मातीचं घर' आणि 'लाकडी इमारत' असं एका दमात म्हटलं जातंय.

शिमल्याकडची जुनी घरं, सरकारी कचेऱ्यासुद्धा, बऱ्याचदा धज्जी-दिवारी पद्धतीची असतात. लाकडाची चौकट, त्यात तिरप्या पट्ट्या, मधल्या खणांत दगड-माती भरलेली. भूकंपात हे खण थोडे थोडे हलतात, चौकट उभी राहते. किन्नौरमध्ये आणि वरच्या शिमला भागात काठ-कुणी: एक थर देवदाराचा, एक थर दगडाचा, सिमेंट-बिमेंट काही नाही. १९०५ चा कांगडा भूकंप हा हिमाचलच्या बांधकामाच्या इतिहासातला मोठा धडा आहे. नुसत्या जड दगडांची घरं बसली की माणसं दबतात.

स्पितीत मात्र लाकूडच नाही. म्हणून माती. कच्च्या विटा किंवा ठोकून घट्ट केलेली माती, वर झाडाच्या फांद्या आणि काटक्यांचा थर, त्यावर पुन्हा माती, सपाट छप्पर. हे शहाणपणाचं आहे, कारण स्पिती पर्जन्यछायेत आहे. छपरावर पाऊस पडतच नाही, पडतो तो बर्फ, आणि तो फावड्याने ढकलायचा. भिंती हातभर जाड, त्यामुळे आत ऊब राहते. दर वर्षी दोन वर्षांनी लिंपण करावंच लागतं, आणि लिंपणारा हात थांबला की घर पडतं.

आता अडचण कुठे येते? गेली काही वर्षं त्या भागात कधी कधी भलताच पाऊस येतो. सपाट मातीचं छप्पर गळतं. मग लोक वर पत्रा टाकतात. पत्रा टाकला की घर टिकतं, पण तुमच्या फोटोत नीट दिसत नाही. रानवाटा, तुम्ही 'जपायचं' म्हणता ते फोटोतलं घर की राहतं घर?

रानवाटा

अवघड प्रश्न विचारलात. मला वाटतं पत्रा टाकलेलं चालेल, पण टपालपेटीच्या आकाराचं नको. :)

विटामाती

हो, तिथे तुमच्याशी सहमत. त्या पेटीत थंडीचा विचार किती केलाय ते बाहेरून कळत नाही. पण एक सांगतो, तिने जुन्या घरावरचा गर्दीचा ताण काढून घेतला असेल तर ती वाईट नाही. मातीच्या भिंतीला रोज दोनशे माणसं पाठ टेकून फोटो काढू लागली तर लिंपणाचे तीन-तेरा.

फौजीची लेक

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, एरवी मी वाचनमात्र असते.

बाबा लष्करात होते, बरीच वर्षं लेह आणि त्यापुढे. आमच्या घरातल्या पत्रांवर गावाचं नाव कधीच नसायचं. पत्ता म्हणजे नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली '५६ एपीओ'. आईला वाटायचं हे एक गाव आहे. शेजारच्या काकूंनाही तेच सांगायची, 'यांची बदली छप्पन एपीओला झालीय'. पुढे कळलं की एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, आणि ते सगळं टपाल दिल्लीच्या लष्करी टपाल केंद्रात जातं आणि तिथून युनिट जिथे असेल तिथे पाठवतात. पूर्वेकडच्या युनिटांचं ९९ एपीओ, ते कोलकात्याहून.

मला लहानपणी वाटायचं बाबांच्या पोस्टाचा फोटो असेल का. त्यांना विचारलं तर हसायचे. म्हणायचे, 'तिथं पोस्ट म्हणजे एक खोपटं आणि एक हवालदार. युनिट हललं की पोस्ट पण हलतं.' ठशावर फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर. म्हणजे तुमच्या धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, इमारत, तीच नाही. पण पत्र यायचं. आई ते देवघरात ठेवायची, उघडायच्या आधी.

सांजवेळ

काय सुंदर लिहिलंय. फौजीची लेक, लिहीत जा गं.

तिकीटचोर

मी तिकिटं गोळा करतो (चोरत नाही, नावावर जाऊ नका). फौजीच्या लेकीने लष्कराचं टपाल काढलं म्हणून एक पान उलटतो जे आता फारसं कोणाला आठवत नाही. हिमालयाच्या पलीकडेही भारतीय पोस्टं होती! तिबेटमध्ये, ग्यांत्से, यातुंग, फारी इथे. १९०४ च्या, इंग्रज अधिकारी यंगहजबंडच्या तिबेट मोहिमेनंतर ती सुरू झाली, आणि साधी भारतीय तिकिटंच वापरली जायची. ग्यांत्सेच्या ठशाचं पाकीट हाती लागलं तर संग्राहक उड्या मारतात.

तिबेट जागतिक टपाल संघटनेत नव्हता. त्यामुळे ल्हासाहून परदेशी पत्र पाठवायचं तर तिबेटचं तिकीट ग्यांत्सेपर्यंत चालायचं, पुढे भारताचं तिकीट वेगळं लावायचं. एकाच पाकिटावर दोन देशांची तिकिटं, दोन ठसे. १९५४ च्या भारत-चीन करारात ही टपाल-तार व्यवस्था चीनला द्यायचं ठरलं आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये दिली गेली. ग्यांत्सेतल्या भारतीय कचेरीच्या इमारती तर त्याआधीच, १९५४ च्या उन्हाळ्यात, पुरात वाहून गेल्या होत्या.

काश्मीरचंही सांगतो. महाराजांचं स्वतःचं टपाल होतं, १८६६ पासून स्वतःची गोल तिकिटं. १८९४ ला ते इंग्रजांच्या टपालात विलीन झालं. ही सुरुवातीची तिकिटं पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने छापलेली आहेत. पाकिटावरून सोडवायला पाण्यात टाकलंत तर तिकीट जातं आणि पाणी रंगीत होतं. माझ्याकडे अशी आहेत, हात लावताना पंखासुद्धा बंद करतो.

मापात पाप

म्हणजे रानवाटा यांच्या प्रश्नाला उत्तर असं की उत्तरेतली सर्वांत ऐतिहासिक पोस्टं एक तर वाहून गेली किंवा दुसऱ्या देशात आहेत. धागा बंद करायला हरकत नाही.

नागपूरचा संत्रा

बंद कसा करता? शिमला आणि नागपूर या दोन्ही जीपीओंचं चित्र २०१० च्या पोस्टाच्या वारसा इमारतींच्या तिकिटांत आहे, हे सांगायचं राहिलंच ना. आमच्या नागपूरच्या जीपीओची इमारतही बघण्यासारखी आहे, आणि आत उन्हाळ्यात गारवा असतो. शिमल्यात थंडीने मरा, आमच्याकडे गारव्यासाठी पोस्टात या.

थंडा मामला

मुंबईचं जीपीओ विसरू नका. १९१३ चं, आर्किटेक्ट जॉन बेगचं, वर घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. त्या घुमटाखाली मधोमध उभं राहून वर बघितलं की कोणती रांग आपली होती ते विसरायला होतं.

धाग्याचं काश्मीर होण्याऐवजी महाराष्ट्र होतोय, रानवाटा आवरा.

बर्फातला मराठी

कॅनडातून एक अवांतर. इथे पार उत्तरेला, युकॉनमध्ये, डॉसन सिटीत १९०० चं लाकडी पोस्ट आहे. कोपऱ्यावर मनोरा, टॉमस डब्ल्यू. फुलर यांचं डिझाइन. सोन्याच्या शोधात लोक आले, आणि पोस्ट होण्याआधी पत्रासाठी दिवसच्या दिवस रांगेत उभे राहायचे. काही जण पैसे घेऊन दुसऱ्याची जागा धरून ठेवायचे. सोनं ओसरलं, गाव रिकामं झालं, १९२३ ला पोस्ट दुसरीकडे हललं. इमारत मात्र जपली आहे, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून. मी उन्हाळ्यात बघायला गेलो होतो. खाली जमीन कायम गोठलेली असते. वरून घराची ऊब लागली की ती वितळून खचते, त्यामुळे तिथली जुनी लाकडी घरं वाकडी-तिकडी झालेली दिसतात.

तिथे प्रश्न उलटा आहे. इमारत राजेशाही, पण पत्र टाकायला माणूस नाही. हिक्कीमला इमारत राहिली काय न राहिली काय, कार्डांचा गठ्ठा तरी आहे.

सांजवेळ

हा प्रतिसाद आवडला. म्हणजे इमारत जपणं सोपं, टपाल जपणं कठीण.

टपालहंशील

सांजवेळ, टपाल जपणं कठीण हे मात्र सोळा आणे. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टात मिसळलं. आमच्या पिढीला पोटात खड्डा पडला. तार तर २०१३ मध्येच गेली. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना आहे, पण किती जण घेतात? १८७९ ला ते सुरू झालं तेव्हा पाव आण्याला होतं.

तेव्हा हिक्कीमसारख्या ठिकाणी पर्यटक कार्डं टाकतात म्हणून नाकं मुरडू नका. शाखा डाकघर चालू ठेवायचं की नाही हे कामाच्या आकड्यांवर बघितलं जातं. आकडे कमी पडले तर पोस्टच राहत नाही. कार्डांचा तो गठ्ठा, ज्याला थंडा मामला हसले, त्या गठ्ठ्याचाही गावातल्या म्हातारीच्या पेन्शनला आधार आहे.

थंडा मामला

काका, हसलो ते १९८३ ला. गठ्ठ्याला नाही. पण हा मुद्दा पटला, 'पर्यटकांची कार्डं' हे माझं वाक्य मागे घेतो.

तिकीटचोर

टपालहंशील काकांना जोड म्हणून एक. पिनकोडची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. मराठी माणूस, वर संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड लागू झाला. पहिला आकडा १ म्हणजे उत्तर भाग, १७ म्हणजे हिमाचल. रानवाटांच्या वर्णनातल्या पेटीवरचा १७२११४ म्हणजे वेलणकरांच्या डोक्यातून निघून थेट स्पितीच्या भिंतीवर.

रानवाटा

हे माहीत नव्हतं! कोकणातला माणूस स्पितीच्या पेटीवर. मामा, तुमच्या गावाकडचा ना?

कोकणी मामा

कोकणातलं काहीही चांगलं निघालं की ते माझ्याच गावाकडचं. लिहून घ्या.

हिमभूल

हर्षिलचं कोणी कसं काढलं नाही? उत्तरकाशीत, गंगोत्रीच्या वाटेवर. तिथलं छोटं पोस्ट १९८५ च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटामुळे प्रसिद्ध झालं. लोक तिथे थांबून विचारतात, 'नायिका याच दारात आली होती का?'. पोस्टमन कंटाळत असणार. अर्थात २०२५ च्या ऑगस्टमध्ये धराली-हर्षिल भागात पुराने काय केलं ते सगळ्यांनी बघितलं, त्यामुळे आत्ता तिथे केवळ 'पोस्ट बघायला' जाणं मला प्रशस्त वाटत नाही. वेळ जाऊ दे.

लाहौलची गोष्ट सांगायची राहिली. २०२० ला अटल बोगदा होईपर्यंत हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की लाहौल जगापासून तुटायचा. टपाल घेऊन माणसं पायी रोहतांग ओलांडायची, जवळजवळ ४,००० मीटरवरून, बर्फात. आता बोगद्यातून नऊ किलोमीटर गाडीत बसून जाताना लोकांना त्याची कल्पनाही येत नाही. त्या माणसांसाठी कोणी इमारत बांधली नाही, पाटीही लावली नाही.

विटामाती

हिमभूल, लाहौलचं तुम्ही फार चांगलं काढलंत.

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण रानवाटांना कोणी सरळ उत्तरच दिलं नाही. माझं मत: शिमल्याची इमारत सरकारची आहे. ती सरकारने नीट ठेवावी आणि आत पोस्टच चालू ठेवावं, कॅफे नको. हिक्कीमचं घर कुटुंबाचं आहे. ते कसं ठेवायचं ते कुटुंबाने ठरवावं. लिंपणाचा खर्च खात्याने किंवा पर्यटन विभागाने उचलला तर कुणी नाही म्हणणार नाही. नवी पेटी राहू दे फोटोला. आणि ग्यांत्सेसारखं जे गेलं त्याचे ठसे तिकीटचोरांच्या कपाटात सुरक्षित आहेत, ते पंखा बंद करतात.

मापात पाप

विटामाती, एकदा तरी वादाला वाव ठेवा हो. कॅफे का नको? शिमल्याच्या पोस्टात चहा मिळाला तर मी रोज पत्र लिहीन.

टपालहंशील

चहा मिळाला तर तुम्ही पत्र लिहाल की चहाच प्याल?

मापात पाप

:)

रानवाटा

लिंपणाच्या खर्चाचं विटामातींचं म्हणणं पटलं. मीही इमारतीवर जास्त जोर दिला, टपालाकडे कमी. फोटो दोन टाकलेत, बघा.

बाकी हिक्कीमहून स्वतःच्याच घरी टाकलेलं कार्ड दिवाळीच्या फराळाच्या वेळी आलं. लेकीने आधी चिवडा खाल्ला मग कार्ड वाचलं. ठसा अर्धाच उठलाय.

थंडा मामला

पुढच्या महिन्यात शिमल्याला चाललोय, लग्नाला. ज्यांना जीपीओचा ठसा हवा त्यांनी पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, पन्नास पैशांची कार्डं इथूनच नेतोय. एकच विनंती, पिनकोड नीट लिहा. आणि मामा, तुम्हाला पाठवताना वर स्पष्ट लिहीन की शिमल्याला मी गेलोय, तुम्ही घरीच होता.

कोकणी मामा

दोनदा लिहा. आणि खाली सही करा.